नांवें ठेवणें

नांवें ठेवण्याची कला आपल्या समाजांत कोणाला शिकवावी लागत नाहीं. लग्नाच्या पंगतींतलें पान वाढून पुरें होण्यापूर्वींच त्याला नांवें ठेवून झालेलीं असतात. जवळ जवळ तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत असल्यामुळें विद्यार्थ्यांनीं आम्हांला ठेवलेलीं नांवेंहि आमच्या कानांवर आलीं आहेत. त्यांतलीं दोन-तीन तर आम्हांला मनापासून आवडतात. परंतु गेल्या हिवाळ्यांत आमच्यावर जो प्रसंग गुदरला तो या वाक्प्रचाराच्या अगदीं शब्दशः अर्थाचा होता. चित्रणाच्या सातशें चाळीस तुकड्यांना नांवें ठेवावयाचीं होतीं, आणि तीं आम्हींच ठेवावींत असें आमच्या क्रीडाप्रमुखांनीं परस्पर ठरवून टाकलें होतें.

त्याचें असें झालें. यवतमाळ जिल्ह्यांतल्या ज्या तालुक्याच्या गांवीं आम्ही शिकवितों तेथें मुलींचे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने झाले. आठ संघ, बाद पद्धतीनें सात सामने. काळ्या मातीवर मुरूम पसरून, पाणी मारून आणि रोलर फिरवून तयार केलेलें मैदान. कुंपणापलीकडे कापसाची दुसरी वेचणी चाललेली. दोन विद्यार्थ्यांना चित्रणाचें काम दिलें होतें. एकजण बांकावर उभा राहून कॅमेऱ्यानें, दुसरा बाजूनें मोबाइलनें. चढाई सुरू झाली कीं यंत्र सुरू, संपली कीं बंद, एवढीच त्यांना आज्ञा. पंधरा पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि एका चढाईला फार तर तीस सेकंद, म्हणजे एका सामन्यांत साठ चढाया तरी व्हावयाच्याच. सात सामन्यांचा हिशेब वाचकांनीं करावा आणि यंत्रें दोन म्हणून त्याची दुप्पट करावी. पोरें मधून मधून चहाला गेलीं म्हणून शंभर तुकडे तरी वाचले.

"सर, तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक. शब्द हा तुमचा धंदा. या तुकड्यांना जरा वळण लावून द्या, म्हणजे स्नेहसंमेलनासाठीं सहा मिनिटांचा चित्रपट होऊन जाईल," क्रीडाप्रमुख म्हणाले. ते वयानें आमच्याहून पुष्कळ लहान. पण शिट्टी वाजविणाऱ्या माणसाच्या आवाजांत एक हुकमत असते. आम्ही 'बरें' म्हणालों.

प्रथम आम्हांला वाटलें कीं तुकड्यांना नांवें आहेतच. कॅमेरा आपल्या अपत्याला जन्मतःच नांव देतो. मात्र तें तुरुंगांतल्या कैद्याच्या क्रमांकासारखें असतें. नऊ हजार नऊशें नव्याण्णव झाले कीं स्वारी पुन्हा एकापासून आरंभ करते, आणि दोन कॅमेऱ्यांचे एकाच नांवाचे तुकडे एका कप्प्यांत पडले तर एक दुसऱ्याला गिळून बसण्याचें भय. खेळाडूंच्या टोपीवर लावतात त्या चिमुकल्या कॅमेऱ्यांची एक जात तर लांब चित्रणाचे भाग पाडते आणि भागाचा आंकडा मूळ क्रमांकाच्या आधीं लिहिते. नांवांप्रमाणें मांडणी केली कीं सगळ्या चित्रणांचे पहिले भाग आधीं आणि सगळ्यांचे दुसरे भाग नंतर. महाभारताच्या अठरा पर्वांचे पहिले अध्याय ओळीनें वाचून मग दुसऱ्या अध्यायांना हात घालावा, तसला प्रकार! व्हॉट्सअॅपवरून आलेल्या तुकड्यावर तर तो हातीं पडल्याची तारीख असते. मुलाच्या जन्मदाखल्यावर तार घेऊन येणाऱ्या शिपायाची वेळ लिहावी त्याप्रमाणें. मोबाइलच्या नांवांत तारीख आणि तास, मिनिटें, सेकंद एकास एक चिकटविलेले. तो चौदा आंकडी प्रकार पाहून आम्हांला हंसूं आलें होतें. त्या हंसण्याचा आम्हांला पुढें पश्चात्ताप व्हावयाचा होता.

पोरांनीं स्वतः ठेवलेलीं नांवें याहून रसाळ होतीं. 'फायनल', 'फायनल नवी', 'खरी फायनल', आणि या सर्वांवर कडी म्हणून 'हीच फायनल'. एका तुकड्याचें नांव नुसतें 'बापरे'. तो उघडून पाहिला तर त्यांत मैदानावर एक कुत्रें आलेलें होतें.

चित्रपटाच्या धंद्यांत याला उपाय आहे. दृश्याच्या आरंभीं कॅमेऱ्यापुढें पाटी धरतात. तिच्यावर दृश्याचा आणि कितव्यांदां घेतलें त्याचा आंकडा असतो. म्हणजे घटना घडण्यापूर्वींच तिचें नांव ठरलेलें. खेळांत हें जमावयाचें कसें? चढाई करणारी मध्यरेषा ओलांडून गेली, तिला कोण थांबवून म्हणेल कीं बाई, जरा पाटी धरतों? येथें बाराव्या दिवशीं पाळण्यांत घालून, कानांत कुर्र करून नांव ठेवण्याची आपली जुनी रीतच खरी. आधीं जन्म, मग चेहरा पाहून नांव. फरक इतकाच कीं आमच्या पाळण्यांत सातशें चाळीस बाळें एकदम रडत होतीं.

असल्या संकटांत माणूस इतिहासांत सोबती शोधतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचें चित्रण लेनी रीफेनश्टाल या बाईनें केलें तेव्हां सुमारें चार लाख मीटर फिल्म तिच्या हातीं आली होती. तिच्यांतून 'ऑलिंपिया' हा दोन भागांचा चित्रपट निघाला तो १९३८ च्या एप्रिलांत. मधला काळ ही बाई काय करीत होती असें आतां कोणीं विचारलें तर त्याला आम्ही आमची अभ्यासिका दाखवूं. ज्या राजवटीची थोरवी गाण्यासाठीं तो चित्रपट झाला तिच्याविषयीं आम्हांला तिरस्कारच आहे. पण हजारों उड्या आणि शर्यती एकेक पाहून वेगळ्या करण्याच्या तिच्या चिकाटीला नमस्कार केल्यावांचून राहवत नाहीं. त्याच वर्षीं त्याच बर्लिनमध्यें आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखविले होते. मंडळ १९१४ सालचें; ही हकीकत वऱ्हाडांतल्या आमच्या पिढीनें लहानपणापासून अभिमानानें ऐकलेली. पथक गेलें होतें हें आम्ही सर्व सांगतों. त्यांतल्या कोणीं चढाई केली आणि कोणीं पकड, हें मात्र आम्हांला विचारूं नये.

असो. आम्हीं एक पद्धत बसविली, आणि ती बसवितांना आम्हांला जें सुख झालें तें वर्गांत क्वचितच होतें. आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस; म्हणजे नांवांप्रमाणें लावलें तरी काळाचा क्रम आपोआप साधतो. मग सामन्याचा आंकडा, डावाचा आंकडा, चढाईचा आंकडा. चढाईचा आंकडा तीन घरांचा: सात लिहावयाचे ते ००७ असे. कारण आमच्या यंत्राला संख्या कळत नाहीं, नुसतीं चिन्हें कळतात. एकानंतर तें दहाला बसवितें आणि दोनाला पार मागें ढकलतें. (कांहीं यंत्रें आतां शहाणीं झालीं आहेत असें ऐकतों. आमचें झालेलें नाहीं.) त्यानंतर चढाई करणारीच्या पोशाखावरचा क्रमांक आणि शेवटीं फळ: 'गुण', 'रिकामी' किंवा 'फसली'. शिवाय एक व्रत: संकलनाचें काम सुरू करण्यापूर्वीं सगळीं नांवें पक्कीं करावयाचीं. एकदां तुकडा मांडणींत बसविला आणि मागाहून त्याचें नांव बदललें कीं यंत्र त्याला ओळखच देत नाहीं. त्याच्या जागीं लाल रंगाची चौकट दाखवून गप्प बसतें.

अकरा रात्री आम्ही हें करीत होतों. आमच्या घरच्या मंडळींनीं दोनदां येऊन विचारलें कीं परीक्षेच्या उत्तरपत्रिका एवढ्या लवकर कशा आल्या. शेवटीं 'गुण' लिहिलेले तुकडे तेवढे एकत्र केले, त्यांतले उत्तम निवडले आणि चित्रपट झाला. स्नेहसंमेलनांत तो दाखविला तेव्हां टाळ्यांनीं मांडव दणाणला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं 'रिकामी' आणि 'फसली' हे दोन्ही ढीग यंत्रांतून पुसून टाकले. जागा पुरत नव्हती; आणि खरें सांगावयाचें तर नीटनेटकें घर पाहून माणसाला झाडूचा मोह होतोच. कॅमेऱ्याचें कार्ड क्रीडाविभागानें त्यापूर्वींच धांवण्याच्या शर्यतींसाठीं कोरें करून घेतलें होतें.

चार-पांच दिवसांनीं प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्या दारांत उभी राहिली. झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरची. वर्गांत शेवटच्या बांकावर बसणारी, आणि आमच्या संघाची डावी कोपरारक्षक. थोडा वेळ ती चपलांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "सर, त्या शिनेमात माही पकड कोठीच नाई दिसली."

आम्ही म्हणालों, असेल. सहा मिनिटांत सगळें कोठून येणार? मूळ तुकडा काढून देतों. अंतिम सामन्यांत तिनें चार पकडी केल्या होत्या. त्यांतली एक तर आपल्या बाजूला तिघीच उरलेल्या असतांना केलेली अव्वल पकड, दोन गुणांची. बाहेरगांवच्या एका प्रशिक्षकांनीं तिचा खेळ पाहण्यासाठीं चित्रण मागविलें होतें. पसंत पडलें तर तेथेंच राहण्याजेवणाची आणि शिकण्याची सोय होणार होती. चित्रण संध्याकाळपर्यंत पाठवावयाचें होतें.

आम्हीं यंत्र उघडलें. अंतिम सामना, दुसरा डाव. यादींत चढाईचे आंकडे दिसूं लागले: ०२९, ०३१, ०३२, ०३६. मधले आंकडे नव्हते. हे कुठें गेले म्हणून आम्ही क्षणभर थांबलों, आणि मग आमच्या ध्यानांत आलें. प्रतिपक्षाची चढाई करणारी हिच्या हातीं सांपडली, तो प्रत्येक तुकडा आम्हीं त्या चढाई करणारीच्या नांवें लिहिला होता, आणि पुढें 'फसली' असा शेरा मारला होता. मैदानावरच्या फलकावर त्याच क्षणीं हिच्या संघाचा गुण चढला होता. आमच्या पद्धतींत मात्र जी सांपडली तिला क्रमांक होता. जिनें पकडली तिच्यासाठीं घरच नव्हतें. अकरा रात्री आम्हीं तिच्याकडे पाहिलें होतें आणि अकरा रात्री दुसरीचें अपयश म्हणून तिची नोंद केली होती. तिच्या चारहि पकडी आमच्याच हातानें पुसल्या गेल्या होत्या, हें तिला सांगतांना आमची जीभ जड झाली.

ती रडली नाहीं. "मंग आता?" एवढेंच म्हणाली.

आम्हांला वाचविलें तें दुसऱ्याच्या अव्यवस्थितपणानें. मोबाइलवाल्या पोरानें आपल्या मोबाइलमधलें कांहींच पुसलें नव्हतें. त्याच्या मतें पुसणें हें काम परीक्षेनंतर करावयाचें असतें. त्याला वसतिगृहावरून बोलाविलें. जीं चौदा आंकडी नांवें पाहून आम्हीं हंसलों होतों तींच आतां कामास आलीं. अंतिम सामना दुपारीं चार वाजतां सुरू झाला होता. तेव्हां चारच्या पुढचे आंकडे धरून एकेक तुकडा पाहावयाचा. टेबलावर मोबाइल, भोंवतीं आम्ही तिघे. ती पहिल्या दोन सेकंदांतच सांगे: "नाई. हे नाई." समोरची कोणत्या पायानें आंत येत आहे एवढ्यावरून तिला पुढचें सगळें आठवत होतें, आम्हांला शेवटपर्यंत पाहूनहि कळत नव्हतें. साहित्यांतल्या बारकाव्यांवर व्याख्यानें देणाऱ्या आमच्यासारख्या माणसानें ती विद्या पाहून मनांतल्या मनांत कान धरला.

दोन पकडी सांपडल्या. एक स्वच्छ आहे. तिनें घोटा धरला आहे आणि उजवीकडची मुलगी मागून धांवत येते आहे. दुसरी म्हणजे ती अव्वल पकड. पण तिच्यांत पंचांची पाठ निम्मी आड आली आहे, आणि हिचा एक हात, पाठीवरचा क्रमांक आणि शेवटीं उडालेली धूळ एवढेंच दिसतें. उरलेल्या दोन्ही वेळीं आमचा चित्रकार चहाला गेलेला होता. त्यानें तें कबूल केलें आणि बराच वेळ नखें पाहत उभा राहिला.

पाठविण्यापूर्वीं नांव ठेवावयाचें होतें. आमचा हात संवयीनें वर्ष, महिना, दिवस असा चालूं लागला आणि चढाई करणारीच्या क्रमांकापाशीं थांबला. तिला विचारलें, "काय लिहूं?" तिनें आमच्याकडून यंत्र ओढून घेतलें नाहीं, नुसता आपला क्रमांक सांगितला, आणि थोड्या वेळानें, "पकड लिवा," असें म्हणाली. तसें लिहिलें. पांच वाजून चाळीस मिनिटांनीं दोन्ही तुकडे गेले.

नव्या मोसमासाठीं आम्हीं नांवांत आणखी एक घर वाढविलें आहे. प्रत्येक चढाईस दोन क्रमांक, जाणारीचा आणि धरणारीचा. तें मैदानावरच वहींत लिहावें लागतें, म्हणून आम्ही आतां रेषेजवळ खुर्ची टाकून बसतों. क्रीडाप्रमुखांना वाटतें कीं आम्हांला खेळाची गोडी लागली.

त्या दिवशीं पोरगा मोबाइल घेऊन गेल्यावर आम्हीं तिला त्या राहिलेल्या दोन पकडींविषयीं विचारलें. शब्दांत सांगण्याचा तिनें प्रयत्न केला; मग तें सोडून ती खालीं बसली, डावा गुडघा टेकला आणि "ते अशी आली, सर, अन् मी अशी," असें म्हणत तिनें आमच्या टेबलाचा पाय दोन्ही हातांनीं धरून ओढला. टेबलावरचा चहा उत्तरपत्रिकांवर सांडला. टेबल वीतभर सरकलें होतें, आणि तिनें पाय अजून सोडला नव्हता.