पंप उघडायच्या आधी

आजची नोंद पिकाची नाही, यंत्रांची आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून घरातली-बागेतली यंत्रं स्वतःच दुरुस्त करायची, हे आता गावोगाव चालू आहे. मीही गेली काही वर्षं करतोय. त्यातून जे हाताला लागलं ते लिहून ठेवतो. कामाचं वाटलं तर घ्या.

आमची शेती मालवण तालुक्यातली, म्हणजे इथल्या बहुतेकांसारखीच तुकड्या-तुकड्यांची. विहिरीभोवती माड-पोफळी, वर कातळावर काजूची कलमं. वडिलांच्या वेळी बागेत यंत्र म्हणजे एक पंप. आज दीड एचपीचा मोनोब्लॉक, ग्रास कटर, पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप, घरात मिक्सर, फ्रीज, पंखे आणि अंगणात एक जुनी चारचाकी. यंत्रं वाढली, दुरुस्त करणारे हात मात्र कमी झाले. आयटीआय झालेली मुलं गोव्याला नाहीतर पुण्याला जातात. मागे राहतो एखादा मेस्त्री, आणि मे महिन्यात त्याच्या दारात चार गावचे पंप.

मेमध्ये पोफळीचं शिपणं चार दिवस चुकलं तर कोवळी फळं गळायला लागतात. कातळावरची पहिल्या उन्हाळ्यातली कलमं तर त्याआधीच माना टाकतात. मेस्त्रीची मजुरी आपण एकदा देतो आणि विसरतो. खोळंब्याची किंमत झाडं पुढची दोन वर्षं देत राहतात. म्हणून हा विषय नुसता चार पैसे वाचवायचा नाही.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. माड पडले, कलमं मोडली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक वाड्या दिवसच्या दिवस काळोखात होत्या. त्यात कोरोनाचे निर्बंध. वीज आली तरी मेस्त्री येईना. तेव्हा गावातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा फोन पंपाशेजारी टेकवून ठेवला आणि पाना हातात घेतला. त्यांत मीही होतो.

व्हिडिओ भरपूर आहेत. मराठीत आहेत, हिंदीत तर ढिगाने. पंपांचे काही चांगले व्हिडिओ मला तामिळमध्ये सापडले. कोईमतूर हे पंपांचं गाव, तिथल्या कारागिराचा हात बघत राहावं. भाषा एक अक्षर कळत नाही, पण बेअरिंग काढताना हातोडी कुठे मारायची आणि कुठे नाही, ते कळतं.

पण या सगळ्या व्हिडिओंत एक गोष्ट नसते. तिथे बिघाड आधीच ठरलेला असतो. ‘कपॅसिटर गेलाय, असा बदला’ इथून व्हिडिओ सुरू होतो. आपल्याकडे मात्र बिघाडाला नाव नसतं. पंप चालत नाही, एवढंच आपल्याला माहीत. का चालत नाही, हे शोधणं म्हणजेच अर्धी दुरुस्ती, आणि तो अर्धा भाग आपला आपणच करायचा असतो. म्हणून माझा एक नियम आहे: पाना उचलायच्या आधी ऐकायचं, बघायचं, वास घ्यायचा.

पंपाचंच घ्या. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर वीज, फ्यूज, स्टार्टर, वायर हे आधी बघायचं. ‘हूं’ असा आवाज येतो पण फिरत नाही, तर पहिला संशय कपॅसिटरवर किंवा जाम झालेल्या इंपेलरवर. मेन स्विच बंद करून मागचा पंखा हाताने फिरवून बघा. सहज फिरला तर कपॅसिटर, अडकला तर आत कचरा किंवा गंज. जळका वास आला तर वायंडिंग, तिथे आपलं काम संपलं. पंप जोरात फिरतोय पण पाणी नाही, तर फुटव्हॉल्व्ह गळतोय किंवा सक्शनच्या पाइपात हवा शिरतेय.

आणि कधी कधी पंप अगदी ठणठणीत असतो. गेल्या मेमध्ये वाडीतला एक मुलगा पंप पूर्ण खोलायला निघाला होता. पंप विहिरीच्या काठावर, आणि विहिरीचं पाणी गेलेलं खाली. वर बसवलेला पंप पाणी खेचतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर. हिशोबाने ती हद्द साधारण १० मीटर, पण प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे त्याचा जीव जातो. आम्ही दोरीला दगड बांधून मोजलं. पंप ते पाणी अंतर आठ मीटरच्या वर भरलं. मग आत खाली फळी बसवून पंप तिच्यावर उतरवला आणि पाणी आलं. एक स्क्रूसुद्धा सैल करावा लागला नाही. असा व्हिडिओ कोण कशाला करेल? त्यात दाखवण्यासारखं काहीच नाही.

घरातलं म्हणाल तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी हमखास मिक्सर बंद पडतो. चाकरमानी आलेले, वाटप वाटायचं, खोबरं घट्ट, भांडं गच्च भरलेलं. अशा वेळी मिक्सर उलटा करून बघा. बऱ्याच मिक्सरना खाली एक छोटं बटण असतं, बहुधा लाल. मोटारीवर भार जास्त झाला की ते आपोआप सुटतं आणि वीज तोडतं. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा, भांडं अर्धं करा. मोटार फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलर झिजलाय. तो बाजारात स्वस्तात मिळतो. पंखा हळू झाला तर बहुतेक वेळा कपॅसिटर, ज्याला आपण कंडेन्सर म्हणतो. जुन्यावर जो आकडा छापलेला असतो, २.५ किंवा ३.१५, तोच आकडा आणायचा. जास्तीचा लावला तर पंखा जोरात फिरेल, असा सल्ला मिळतो. मोटार तापते, तो ऐकू नका.

ग्रास कटरने आमच्याकडची बेणणी सोपी केली, पण बंद पडायचा त्याचा मुहूर्त ठरलेला: पाऊस सुरू झाल्यावर. प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला तोटा नाही. डबा महिनाभर पडून राहिला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं आणि नेमकं तेच कार्बुरेटरात जातं. आतला पातळ पडदा कडक होतो, बारीक भोकं चोंदतात. उपाय साधा आहे. मिश्रण लागेल तेवढंच करायचं. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

ऑईलचं प्रमाण मात्र व्हिडिओवरून घेऊ नका, आपल्या मशीनच्या पुस्तकावरून घ्या. कुठे लिटरला ४० मिली, कुठे २० मिली. फोर स्ट्रोक असेल तर पेट्रोलात ऑईल मिसळायचंच नाही, त्याची जागा वेगळी. दोन्ही मशीनं दिसायला सारखी असतात आणि व्हिडिओवाला आपलं मशीन बघत नसतो.

आता आमच्या किनाऱ्याची खास गोष्ट, खारा वारा. पंजाबातल्या किंवा साताऱ्यातल्या व्हिडिओत हा विषय येणारच नाही, कारण त्यांच्याकडे तो नाही. इथे निम्मे बिघाड यंत्राचे नसतातच, मिठाचे असतात. स्टार्टरच्या कॉन्टॅक्टवर हिरवट थर, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड, स्क्रूची डोकी गंजून गोल. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची वायर एकमेकांत पिळून वर टेप गुंडाळली, तर घाटावर तो जोड टिकेलही. इथे दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम खाऊन जातं, जोड तापतो आणि पंपाला पुरेसा दाब मिळत नाही. लोक मोटार बदलतात, दोष जोडाचा असतो. दोन धातू जोडायचेच तर मध्ये त्यासाठीचा बायमेटल लग वापरा आणि जोड पावसापासून वर ठेवा.

गाडीच्या बॅटरीचंही तसंच. सकाळी गाडी उठत नाही म्हणून नवी बॅटरी आणायच्या आधी टर्मिनल बघा. आधी निगेटिव्ह वायर काढायची, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासायचं, कोरडं करायचं, लावताना पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. वरून पेट्रोलियम जेली. किनाऱ्यावर हे वर्षातून दोनदा केलं तरी बॅटरीचं आयुष्य वाढतं.

कुठे थांबायचं, हेही ठरवून ठेवलंय. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही. प्लग काढला तरी त्याच्या कपॅसिटरात जीव घेईल एवढा दाब राहू शकतो. फ्रीजच्या गॅसच्या नळीला हात लावायचा नाही, नव्या बऱ्याच फ्रीजमध्ये पेट घेणारा वायू असतो. स्वयंपाकाचा गॅस, गाडीचे ब्रेक, थ्री फेजची पेटी, ही कामं जाणकारांचीच. आणि विहिरीत माणूस उतरलेला असताना पंपाची चाचणी कधीही नाही. पाण्यात उतरलेली वीज दिसत नाही. पंपाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, तो वायरमनकडूनच. त्याचा खर्च डोळे झाकून करावा.

हे सगळं बघून आमच्या भागातले वायंडिंगचे जुने मेस्त्री रागावतील, असं मला वाटायचं. त्यांचं पोट यावर आहे. एकदा सरळ विचारलं. ते हसले. म्हणाले, ‘‘अरे, ‘पंप चलना नाय’ एवढाच सांगलंस तर मी आख्खी पेटी घेवन येतंय आणि दुपार फुकट जाता. ‘आवाज येता पण फिरना नाय, हातान फिरता’ असा सांगलंस तर कंडेन्सर खिशात घालून येतंय. धा मिनिटांचा काम. तेवढ्यात आणि एकाचो पंप होता.’’

मला वाटतं व्हिडिओ बघण्याचा खरा उपयोग या बोलण्यात आहे. मेस्त्री नकोच, असं म्हणून भागणार नाही. वायंडिंग भरणं, बेअरिंगचं माप ओळखणं, शाफ्ट सरळ आहे की नाही हे बोटाने सांगणं, हे चाळीस वर्षांच्या हाताचं काम आहे. पण नेमकी तक्रार सांगणारं गिऱ्हाईक असेल तर एकटा मेस्त्री दिवसात तीनऐवजी सहा पंप उभे करेल. मे महिन्यात त्या तीन जास्तीच्या पंपांखाली कुणाची तरी पोफळ जगते. त्यांच्या मजुरीत मात्र घासाघीस करू नका. दहा मिनिटांत झालं म्हणून दहा मिनिटांचे पैसे द्यायचे, असं केलं तर उद्या तो एक मेस्त्रीही उरणार नाही.

हा प्रश्न आपल्याच गावचा आहे असंही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांना त्यांची यंत्रं स्वतः दुरुस्त करता यावीत म्हणून कायदा केला. कंपन्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तकं आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्यांना द्यायचं, असा तो कायदा. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारंही घेतली आहेत. तेव्हा नवं यंत्र घेताना किंमत विचारतो तसं हेही विचारायला शिकूया: पडदा, कपलर, वॉशर कुडाळ-कणकवलीत मिळतो का? माहितीपुस्तक देता का? जे उघडता येत नाही आणि ज्याचा भाग मिळत नाही, ते स्वस्तातलं असलं तरी महागच.

शेवटी दोन कामं सांगतो, बिनपैशाची आहेत. पंपाच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. तारीख, काय लक्षण दिसलं, काय निघालं, कुठला भाग कुठल्या आकड्याचा लावला, एवढंच लिहा. दोन-तीन वर्षांत तो कागद कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त सांगतो, कारण तो तुमच्याच पंपाचा, तुमच्याच पाण्याचा आणि तुमच्याच वाऱ्याचा असतो.

दुसरं, ज्यांच्या गावात असा जुना मेस्त्री आहे त्यांनी त्याला विचारून, त्याच्या परवानगीने, काम करताना पाच मिनिटं मोबाईल धरा. आपल्या बोलीत, आपल्या खाऱ्या हवेतले बिघाड. हात कसा चालतो एवढंच नको, तो यंत्राकडे आधी कसा बघतो, काय विचारतो, तेही येऊ द्या. पावसाआधी होईल तेवढं करून ठेवूया.