चाचणीच्या यादीतले शेख

मी माळेगावचा, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘नाशिकचं का?’ मुसलमान म्हटल्यावर मालेगाव, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते गाव ‘ल’चं. आमचं माळेगाव बुद्रुक ‘ळ’चं, बारामती तालुक्यातलं, साखर कारखान्याचं. इंग्रजीत मात्र दोन्हींचं स्पेलिंग एकच.

माणसाचा असा गोंधळ एका वाक्यात मिटतो. संगणकाचा मिटवणं ही माझी नोकरी. वेबसाइटवर ‘शोधा’ असा रकाना असतो, त्यामागची यंत्रणा मी सांभाळतो.

या यंत्रणेच्या दोन प्रती असतात. लोक वापरतात ती प्रॉडक्शन, आम्ही मोडतोड करून बघतो ती टेस्टिंग. दोन्हींचे सर्व्हर आणि पासवर्ड वेगळे हवेत. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सेटिंग मात्र सारखी हवी, नाहीतर इथली चाचणी तिथे लागू पडत नाही. इलॅस्टिकसर्चमध्ये जुन्या इंडेक्सशेजारी नवा बांधता येतो. वेबसाइट इंडेक्सला टोपणनावाने हाक मारते. नवा तपासून झाला की टोपणनाव त्याच्याकडे वळवायचं, बिघडलं तर पुन्हा जुन्याकडे. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो: टेस्टिंगमध्ये माणसं कोणती भरलीत?

एका वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा चाचणीच्या यादीत पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे होते. सगळ्या चाचण्या पास. प्रॉडक्शनवर मात्र ‘रझिया’ शोधलं तर ‘रजिया’ सापडेना, ‘सय्यद’ टाकलं तर ‘सैयद’ गायब. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. यादी करणाऱ्याच्या ओळखीत ती नावं नव्हती, एवढंच. पण जिला स्वतःचं नाव सापडत नाही, तिला काय वाटेल?

अशा वेळी कुणीतरी म्हणतं, प्रॉडक्शनचा सगळा डेटाच टेस्टिंगमध्ये टाका. मला ते पटत नाही. टेस्टिंगवर पहारा ढिला असतो. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर तिथे पडून राहू नयेत. 2023 साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे.

म्हणून नावं आपणच बनवायची. अझीज आणि अजीज. नुक्त्याचा रज़ा आणि बिननुक्त्याचा रजा. त्यातही युनिकोडमध्ये ‘ज़’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘ज’ अधिक नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. आधी ते एका रूपात आणावे लागतात.

सैल सोडूनही चालत नाही. ल्युसीनमधला हिंदीसाठीचा एक नियम दीर्घ स्वर ऱ्हस्व करतो. तो मराठीला लावला की ‘दीन’ आणि ‘दिन’ एकच. दीनवरचा लेख शोधणाऱ्यासमोर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा येतात. ‘ल’ आणि ‘ळ’ एक केले की आमचं गाव नाशिक जिल्ह्यात जातं. त्यामुळे काय सापडावं याबरोबरच काय सापडू नये, याचीही चाचणी लिहावी लागते.

तुमच्यापैकी बरेच जण या क्षेत्रात आहेत. ऑफिसातली चाचणीची यादी एकदा उघडून बघा. तुमच्या मोहल्ल्यातलं एकही नाव तिच्यात नसेल, तर आजच घाला.