भट्टी थांबते तेव्हा

चाळीस वर्षे मी सिमेंटचा व्यापार केला. परंतु माझ्यासाठी सिमेंट गोणीपासून सुरू होई आणि उधारीच्या वहीत संपे. त्याच्या मागे काय घडते, हे पाहण्याची वेळ माझ्या मुलाने आणली.

अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्याने पेढीवर बसावे, अशी माझी इच्छा होती. तो मात्र चंद्रपूर जिल्ह्यातील एका सिमेंट कारखान्याच्या देखभाल विभागात रुजू झाला. "दुसऱ्याच्या यंत्रांना तेल घालायला का तुला एवढे शिकवले?" असे मी त्याला बोललो होतो. ते शब्द आज मलाच बोचतात.

गेल्या वर्षी मार्चअखेर मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो दोन दिवस घरी आलेला नव्हता. भट्टीतील वायू ओढणाऱ्या मोठ्या पंख्याचे बेअरिंग निकामी होऊन भट्टी बंद पडली होती. तिसऱ्या दिवशी तो जेवायला आला, तेव्हा मी सहज म्हणालो, "एका बेअरिंगसाठी एवढा खोळंबा?"

त्याने शांतपणे समजावले. भट्टी म्हणजे किंचित उतरती, सतत फिरणारी प्रचंड पोलादी नळी. आत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला चुनखडीच्या मिश्रणाचे क्लिंकर होते. भट्टीतून निघणारे तप्त वायू वाया न घालवता त्यांवर आत येणारी भुकटी तापवतात. क्लिंकर थंड करताना तापलेली हवा पुन्हा भट्टीत घेतात. एकच उष्णता अशी पुन्हा पुन्हा कामी येते. म्हणूनच जुन्या ओल्या पद्धतीत एक किलो क्लिंकरला १३०० किलोकॅलरीहून अधिक उष्णता लागे, तेथे आजच्या चांगल्या कारखान्यांत ७०० ते ७५० पुरते.

"पण बाबा, हा हिशेब भट्टी अखंड चालली तरच जुळतो. ती थांबली की साठलेली उष्णता जाते, आतल्या अग्निरोधक विटा आकसून तडकतात. तापलेली नळी नुसती उभी ठेवली तर वाकते, म्हणून ती थोडी थोडी फिरवत राहावी लागते. पुन्हा तापवताना एकही गोणी न निघता इंधन जळते."

मग तो थांबून म्हणाला, "त्या बेअरिंगची थरथर वाढल्याची नोंद मी तीन आठवड्यांपूर्वीच केली होती. आठ तास मागितले होते. मार्चचा माल निघायचा आहे म्हणून ते काम पुढे ढकलले गेले. आता पाच दिवस जातील."

मी ताटाकडे पाहत राहिलो. वार्षिक सवलतीचे लक्ष्य गाठण्यासाठी त्याच महिन्यात मी विक्री कार्यालयाला चार वेळा फोन केले होते. माझे गोदाम निम्मे भरलेले होते, तरीही! त्या पाच दिवसांत माझ्यासारख्या अनेकांचा वाटा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कारखाना दाखवला. तपासणीच्या एका झाकणाची झिजलेली पट्टी कामगार बदलत होते. बोटभर फटीतून बाहेरची थंड हवा आत शिरते. ती तापवायला इंधन आणि ओढायला वीज लागते. तो म्हणाला, "आपल्या काट्यावर रोज पाव किलोची तूट आली, तर तुम्ही स्वस्थ बसाल का?" माझ्या वडिलांचा काटा तपासण्याचा शिरस्ता त्याच्यात उतरला होता. मी त्याला पेढीबाहेर शोधायला हवे होते.

निघताना मी म्हणालो, "तुला बोललो ते चुकले." तो केवळ हसला.

आपल्यापैकी अनेकांची सिमेंट-लोखंडाची दुकाने आहेत. मार्चची सवलत गोड असते, हे मी जाणतो. तरी मी आता खरेदी वर्षभर विभागून करतो. थोडी सवलत सुटते, पण गोदामात गोण्यांचे दगड होत नाहीत.

यंदा त्याचा फोन आला. ठरल्या दिवशी भट्टी थांबवली आणि काम वेळेत आटोपून पुन्हा सुरू झाली. पेढीच्या मालमोटारीचे लांबवलेले तेलपाणी मी त्याच दिवशी करून घेतले. हे मात्र त्याला अजून सांगितलेले नाही.