आखाड्याचा राखणदार

हिंगोली जिल्हा नकाशावर लहानसाच. 1 मे 1999 रोजी तो परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. उत्तरेच्या अंगाला पैनगंगा, मधून वाहणारी कयाधू आणि दक्षिणेकडे पूर्णा. औंढ्याचा नागनाथ, नामदेवांची नर्सी आणि वसमतची हळद, एवढे पाहिले की प्रवाशाची फेरी पुरी होते. पण शेतकऱ्याची नजर रस्त्याच्या कडेला जाते. तिथे त्याला दिसतात आखाडे.

आखाडा म्हणजे इकडे शेतातला संसार. चार पत्रे, एक गोठा, कडब्याची गंजी, पाण्याचा हौद आणि एखादे लिंबाचे झाड. पेरणीपासून रास घरी येईपर्यंत घरातला एक तरी माणूस रात्री तिथेच असतो. हरभऱ्यात हरणे शिरतात, तुरीत रोही शिरतात, भुईमूग रानडुकरे उकरून टाकतात. या सगळ्यांची चाहूल माणसाच्या आधी कुत्र्याला लागते. पावसाळी रात्री गोठ्यात सरपटत आलेला नागही आधी त्यालाच कळतो. आखाडा आहे आणि कुत्रे नाही, असे क्वचितच दिसते. त्याचा पगार म्हणजे सकाळ-संध्याकाळची चतकोर भाकरी.

अशा या राखणदाराचे दुखले-खुपले तर कोण पाहतो? हाच प्रश्न मनात धरून या रस्त्यांनी हिंडलो.

हिंगोलीहून सेनगावच्या दिशेने निघाले की कयाधूच्या काठी नर्सी नामदेव लागते. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून वारकरी येथे माथा टेकतात. नामदेवांची एक कथा घरोघरी सांगतात. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी घशात अडकेल, थांब, तूप लावू दे, असे म्हणत धावले. कथेतला भूतदयेचा बोध सर्वांना ठाऊक आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. नामदेव उद्या पाहू म्हणून बसले नाहीत, लगेच धावले.

आपण मात्र नेमके इथेच चुकतो. औंढ्याच्या वाटेवर एका आखाड्यावर पाणी प्यायला थांबलो. दावणीला दोन बैल, एक गाय, पण कुत्रे दिसेना. विचारले, तेव्हा घरातली म्हातारी म्हणाली, "होतं भाऊ, तीन महिन्याचं पिल्लू होतं. शुक्रवारी खाल्लं नाही. पोरं म्हणली, उन्हानं झालं असंल. शनिवारी ओकाया लागलं. रातच्याला रक्ताची संडास झाली. सोमवारी दवाखाना उघडायच्या आत गेलं. बैलाला माणूस डॉक्टर आणतो भाऊ, कुत्र्याला कोण आणतंय?" तिचा नातू खांबाला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. पिल्लाच्या गळ्यातली घुंगराची दोरी अजून त्याच्या हातात होती.

लहान पिल्लाला ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण एकदम लागली की बहुधा तो पार्वो असतो. 1978 च्या सुमारास हा रोग जगभर पसरला. त्यात अंगातले पाणी झपाट्याने जाते. वेळेवर सलाईन मिळाले तर बरीच पिल्ले वाचतात. दोन-तीन दिवस वाट पाहिली तर हाती काही उरत नाही. दीड-दोन महिन्यांच्या वयात पहिली लस टोचून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुढच्या मात्रा द्याव्यात, म्हणजे हे संकट सहसा येत नाही.

आता प्रश्न डॉक्टर लवकर मिळण्याचा. गुरांच्या दवाखान्यातला एकच माणूस अनेक गावे सांभाळतो. कधी तो लसीकरणाच्या मोहिमेवर असतो, कधी अडलेल्या गाईपाशी. 2022 साली लम्पीची साथ आली, तेव्हा या मंडळींची किती धावपळ झाली, ते आपण पाहिलेच आहे. तेव्हा दवाखान्याच्या दारात जाऊन कुलपाकडे बघण्यापेक्षा आधी फोन करावा. त्यासाठी नंबर घरात हवा. आपल्या सर्कलच्या दवाखान्याचा, तालुक्याच्या दवाखान्याचा आणि जवळच्या एखाद्या खासगी पशुवैद्याचा, असे तीन नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. 1962 हा बिनपैशाचा नंबरही त्याखाली लिहावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी त्यावर करता येते. जनावर दगावायला लागल्यावर नंबर शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

फोनवर काय बोलावे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. "कुत्रं आजारी आहे, या," एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. वय किती, कधीपासून खात नाही, पाणी पिते का, ओकारी आणि संडास कशी आहे, हिरड्या लाल आहेत की पांढऱ्या, लस कधी दिली, हे नीट सांगावे. शेतात कालपरवा फवारणी झाली होती का, उंदराचे औषध ठेवले होते का, हेही लपवू नये. मग विचारावे, "डॉक्टरसाहेब, आम्ही घेऊन येऊ की तुम्ही येता? तुम्ही नसाल तर कोणाकडे जाऊ?" एवढे बोलायला दोन मिनिटे लागतात. पण ते ऐकून डॉक्टर ठरवू शकतात की हे काम आत्ताचे की संध्याकाळचे.

आत्ताची कामे कोणती, ते घरातल्या सर्वांना माहीत असावे. पिल्लाची रक्ताची हगवण, विषबाधा, सर्पदंश, झटके, धाप, पोट फुगून ओकारी न होणे, आणि कुत्री विताना दोन तास कळा देऊनही पिल्लू बाहेर न येणे, यांत एक तासही घालवू नये. खाज, थोडे गोचीड, एखादी ओकारी करून पुन्हा नीट खाणारे कुत्रे, हे दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवले तरी चालते. उगाच सगळ्यालाच तातडीचे म्हटले तर खऱ्या तातडीला किंमत राहत नाही.

विषबाधा वाटली तर औषधाचा डबा किंवा पुडी सोबत न्यावी. झटके येत असताना तोंडात तूप, तेल, दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाते. माणसाच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. साप चावला तर चिरा देऊ नये, दोरी आवळू नये, जनावराला पळवू नये. पोत्याची झोळी करून दोघांनी उचलावे आणि दवाखाना गाठावा. मोटारसायकलवर न्यायचे तर दोन माणसे हवीत.

एका बाबतीत मात्र नामदेवांसारखे जवळ धावायचे नाही, लांबून वागायचे. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, पाय लटपटतात. घरातले म्हणतात, घशात हाडूक अडकले, आणि कोणीतरी तोंडात हात घालतो. ते हाडूक नसून पिसाळणे असू शकते. विनाकारण अंगावर येणारे किंवा अंधारात दडून बसणारे कुत्रेही संशयास्पदच समजावे. पोरांना लांब न्यावे, हात न लावता दार लावून घ्यावे आणि डॉक्टरांना फोनवर हीच लक्षणे सांगावीत.

अशा कुत्र्याने माणसाला चावले, ओरबाडले, किंवा त्याची लाळ जखमेवर लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटे धुवावी. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जावे. आपला मुलूख हळदीचा. कापले, खरचटले की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. पण या जखमेवर हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता लस दंडात देतात. जखम खोल असेल तर आणखी एक औषध जखमेतच टोचावे लागते, ते डॉक्टर ठरवतात. 1885 साली लुई पाश्चरने एका चावलेल्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र या रोगावर आजही इलाज नाही. म्हणून तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा द्यावी. आखाड्यावर पोरे कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळतात, त्या पोरांचेच हे कवच आहे.

औंढ्यावरून पुढे परभणीला जाता येते. हिंगोलीपासून हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास भरते. तेथे 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावच्या डॉक्टरांना उलगडा झाला नाही तर त्यांच्या चिठ्ठीवर तेथे जाता येते. आपल्या भागातली पोरेपोरीही तिथे शिकू शकतात. ज्या घरात गुरांचा लळा आहे, तिथल्या हुशार मुलीला हा मार्ग दाखवायला काय हरकत आहे?

बैल आजारी पडला की कामाचे नुकसान दिसते. कुत्रे गेले तर कागदावर काहीच कमी होत नाही. पण पहिल्या अंधाऱ्या रात्री आखाड्यावर झोपणाऱ्याला ते कळते. गावात सरपंचांना, दूध केंद्रावरच्या माणसाला सांगून एखादा रविवार ठरवावा, डॉक्टरांची वेळ आधी मागून घ्यावी आणि सगळ्या आखाड्यांवरची कुत्री दोरीला धरून एका झाडाखाली आणावीत. एका फेरीत साऱ्यांना लस देऊन होते. डॉक्टरांनाही बरे पडते, कारण वीस आखाड्यांवर वीसदा जाणे त्यांना जमत नाही. त्या दिवशी एक काम आणखी करावे. डॉक्टरांचा नंबर विचारून घ्यावा आणि घरी गेल्याबरोबर गोठ्याच्या भिंतीवर लिहावा.