दोरीवरचा सदरा

चांगला कथाकार होण्यासाठी आधी चांगला माणूस असावे लागते काय? आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या एका साहित्य मेळाव्यात अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने हा प्रश्न आम्हाला विचारला. धर्मगुरूने ‘होय’ म्हणावे अशी सभागृहाची अपेक्षा होती. आम्हीही तसेच काहीसे गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. परंतु रात्री वेस्पर्सची प्रार्थना म्हणताना तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. त्या मुलीला आम्ही अर्धेच उत्तर दिले होते. उरलेले अर्धे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

या प्रश्नाचा विचार करू लागलो की आम्हाला आठवतो तो ग्रॅहम ग्रीन हा इंग्रज कादंबरीकार. ३ एप्रिल १९९१ रोजी, पुनरुत्थान सणाच्याच आठवड्यात, स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे त्याचे निधन झाले. तेव्हा आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो. आमच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी त्या आठवड्यात ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही कादंबरी आमच्या हाती ठेवली आणि एवढेच म्हणाले, “धर्मगुरू होण्यापूर्वी हे वाचा आणि झाल्यावर पुन्हा वाचा.” आम्ही त्यांची आज्ञा पाळली. दोन्ही वेळी ते पुस्तक वेगळे वाटले.

ग्रीनचा जन्म १९०४ चा. वडील ज्या शाळेचे मुख्याध्यापक, त्याच शाळेत मुलगा विद्यार्थी. त्यामुळे घरी तो मुख्याध्यापकांचा मुलगा आणि वर्गात शत्रूच्या गोटातला. सोबत्यांनी केलेल्या छळामुळे पोर इतके खचले की अखेर त्याला लंडनला मनोविश्लेषकाकडे ठेवावे लागले. दोन बाजूंच्या मध्ये उभे राहण्याची सवय त्याला तेथेच जडली असावी. पुढे १९२६ साली नॉटिंगहॅम येथे त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. वाग्दत्त वधू कॅथलिक होती आणि तिची श्रद्धा समजून घ्यावी या हेतूने त्याने धर्मशिक्षण सुरू केले होते. आरंभी त्याने धर्मगुरूंशी कडाडून वाद घातला आणि मग तो विश्वासापर्यंत पोहोचला.

१९३८ साली तो मेक्सिकोत गेला. त्या देशातील टबास्को प्रांतात गव्हर्नर गारिदो कानाबाल याच्या राजवटीत ख्रिस्तमंदिरे पाडली गेली होती आणि धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले होते. तेथे ग्रीनने एका मद्यपी धर्मगुरूची हकीकत ऐकली. या महाशयांनी बाप्तिस्मा देताना नशेच्या भरात एका मुलाला मुलीचे नाव ठेवले होते म्हणे. दुसरा कोणी ही गोष्ट ऐकून हसला असता आणि विसरला असता. ग्रीन विसरला नाही. दोन वर्षांनी, १९४० साली, त्यातून ती कादंबरी जन्मास आली. तिच्या नायकाला नाव नाही. तो दारू पितो, भित्रा आहे, एका मुलीचा बाप आहे. तरीही पोलीस मागावर असताना तो लपतछपत मिस्सा अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो. सीमेपलीकडे सुखरूप पोहोचल्यावर, एका मरणोन्मुख गुन्हेगाराला धर्मगुरू हवा आहे असा निरोप येतो. हा सापळा आहे हे ठाऊक असूनही तो मागे फिरतो आणि मारला जातो.

ग्रीनचे पहिले सामर्थ्य येथे दिसते. पतित माणसाच्या ठायीही कृपा कशी काम करते हे पाहण्याची नजर त्याच्यापाशी होती. प्रवचनात हे सांगणे सोपे असते. दारूचा वास येणाऱ्या माणसाच्या अंगी ते दाखवणे कठीण. दुसरे सामर्थ्य शिस्तीचे. वर्षानुवर्षे तो दिवसाला मोजून ५०० शब्द लिहीत असे आणि तेवढे झाले की प्रसंग अर्ध्यावर असला तरी लेखणी खाली ठेवत असे. प्रतिभेची वाट पाहत बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. तिसरे सामर्थ्य मनाच्या मोठेपणाचे. आपल्या आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकांनी नाकारले होते. ‘त्याला दगड बांधून थेम्स नदीत सोडून दे,’ असे निराश नारायण यांनी मित्राला कळवले होते. मित्राने ते ग्रीनकडे नेले. ग्रीनने प्रकाशक मिळवून दिला आणि १९३५ साली पुस्तक निघाले. तोवर दोघांची भेट झाली नव्हती. ती व्हायला १९५६ साल उजाडले. अनोळखी माणसाच्या लेखनासाठी स्वतःचा वेळ खर्च करणारे लेखक आपण किती पाहिले आहेत?

आपल्या किनाऱ्याशीही या लेखकाचे थोडे नाते आहे. १९६३ च्या अखेरीस तो गोव्याला आला आणि तेथील वास्तव्यावर त्याने इंग्रजी वृत्तपत्रात लेखही लिहिला. पुढे गोव्याच्याच विदुषी मारिया आउरोरा कुटो यांनी त्याच्या साहित्यावर १९८८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता दुसरी बाजू. ज्या पत्नीच्या निमित्ताने तो कॅथलिक झाला, तिला आणि दोन मुलांना सोडून तो निघून गेला. घटस्फोट झाला नाही, पण संसार उरला नाही. एका विवाहित स्त्रीशी त्याचे दीर्घकाळ संबंध होते आणि त्या संबंधांतून त्याने कादंबरीही उभी केली. ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ लिहीत असतानाच पैशांसाठी दुसरी कादंबरी सहा आठवड्यांत पुरी करावी म्हणून तो उत्तेजक गोळ्या घेत होता. त्याच्या साहित्यातही उणिवा आहेत. त्याचे जग बहुधा एकाच मळकट रंगाचे. देश बदलतो, पण उबग आणि पराभव तोच. १९४८ साली ‘द हार्ट ऑफ द मॅटर’ आली तेव्हा जॉर्ज ऑर्वेल यांनी असा टोला हाणला की या लेखकाच्या लेखी नरक म्हणजे केवळ कॅथलिकांनाच प्रवेश असलेला खानदानी क्लब आहे. पापाला एक प्रकारची प्रतिष्ठा देण्याचा मोह ग्रीनला होता, हे आम्हालाही मान्य करावे लागते.

१९४९ साली तो इटलीत पाद्रे पिओंच्या मिस्साला उपस्थित राहिला. त्या मिस्साची छाप त्याच्यावर कायम राहिली आणि पुढे पाद्रे पिओंचे छायाचित्र तो पाकिटात बाळगीत असे. परंतु प्रत्यक्ष भेटीची संधी आली तेव्हा त्याने ती नाकारली. संताची भेट झाली तर आपले जीवन बदलावे लागेल, अशी भीती त्याला वाटली. हे त्याने स्वतःच नंतर सांगितले. किती दुबळा माणूस! आणि किती प्रामाणिक!

ख्रिस्तसभेलाही हा लेखक सहज पेलला नाही. १९५३ साली रोमच्या होली ऑफिसने त्या कादंबरीवर नापसंती व्यक्त केली आणि वेस्टमिन्स्टरच्या कार्डिनलांमार्फत ती ग्रीनला कळवण्यात आली. पुस्तकात बदल करावेत अशी अपेक्षा होती. हक्क प्रकाशकांकडे आहेत, अशी सबब सांगून ग्रीनने बदल टाळले. त्याच काळात रोममध्ये मोन्सिनोर मोन्तिनी यांनी कादंबरीच्या बाजूने शब्द टाकला होता. तेच पुढे पोप सहावे पॉल झाले. १९६५ साली ग्रीन त्यांना भेटला तेव्हा, तुमच्या पुस्तकांतील काही भाग काही कॅथलिकांना खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका, अशा आशयाचे उद्गार पोप महोदयांनी काढले.

येथवर आम्ही दुसऱ्याच्या गुणदोषांचा हिशेब मांडला. हे काम सोपे असते. वाचकहो, आता जे सांगायचे आहे ते आमचे आहे.

‘अ सॉर्ट ऑफ लाइफ’ या आत्मकथनात ग्रीनने तरुणपणाचा एक प्रसंग नोंदला आहे. तो लंडनच्या इस्पितळात होता. त्याच वॉर्डात दहा वर्षांचा एक मुलगा दगावला. आईने टाहो फोडला. ते ऐकवेना म्हणून इतर रुग्णांनी कानांना रेडिओचे श्रवणयंत्र लावले. ग्रीनने लावले नाही. तो पाहत राहिला, ऐकत राहिला, कारण हे सारे पुढे कधीतरी लेखनाला लागेल हे त्याने ओळखले होते. कथाकाराच्या हृदयात बर्फाचा एक कण असतो, असे त्याने त्यावर म्हटले आहे.

हा मजकूर आम्ही प्रथम वाचला तेव्हा लेखकाच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक वाटले होते. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले.

काही वर्षांपूर्वी, समुद्रकाठच्या एका धर्मग्रामात आम्ही सेवा करीत असताना, एका कोळी कुटुंबातील तरुण मुलगा बुडाला. प्रेत मिळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस आम्ही त्या घरी जाऊन बसत होतो. माणसे रोझरी म्हणत होती. आई मात्र मधूनच उठून अंगणात जाई. मुलाने आदल्या दिवशी वापरलेला सदरा धुऊन दोरीवर टाकलेला होता. ती तो उलटून पुन्हा दोरीवर पसरी, दुसरी बाजू वाळावी म्हणून. सदरा केव्हाच वाळला होता. ती परत येऊन बसे आणि थोड्या वेळाने पुन्हा उठे.

दोन वर्षांनी आमची एक कथा एका नाताळ अंकात छापून आली. तिच्यात हा सदरा होता. गावाचे नाव बदलले होते, बोटीच्या जागी विहीर आली होती, आईच्या जागी आजी. पापनिवेदनात ऐकलेले एक अक्षरही धर्मगुरूला लिहिता येत नाही, कोणत्याही आवरणाखाली नाही. तो नियम आम्ही प्राणापलीकडे जपला आहे. पण हे तर अंगणात, उघड्या उन्हात पाहिलेले. यात दोष तो कोणता, अशी आम्ही आमच्या मनाची समजूत घातली होती. अनेकांनी कथेची स्तुती केली. ‘सदऱ्याचा प्रसंग काळजाला भिडला,’ असे एका वाचकाने लिहिले.

एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत असता ती माउली सॅक्रिस्टीच्या दारात आली. तिला वाचता येत नव्हते. मुलीने वाचून दाखवले होते.

“फादर, तो सदरा माझ्या पोराचा ना?”

आम्ही मान खाली घातली.

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही तेव्हा प्रार्थना करत होता.”

त्यानंतर बराच काळ आम्ही कथा लिहिली नाही. लेखणी उचलली की ते वाक्य आठवे. कारण ते खरे होते. त्या अंगणात आमचे ओठ प्रणाम मरिया म्हणत होते आणि डोळे साठवण करीत होते. डोळ्यांना तशी सवय लागली होती. त्याच सवयीमुळे आमच्या कथा बऱ्या उतरत, आणि त्याच सवयीने एका आईला आम्ही एकटे सोडले होते.

काही महिन्यांनी धीर करून आम्ही तिच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तिने चहा ठेवला. मग म्हणाली, “तुमची गोष्ट आता तुम्हीच वाचून दाखवा.” आम्ही वाचू लागलो. आवाज नीट निघेना. सदऱ्याच्या प्रसंगापाशी तिने हात वर करून थांबवले.

“निळा नव्हता, फादर. चौकड्यांचा होता. आणि मी तो वाळावा म्हणून उलटत नव्हते. कॉलर आत दुमडली होती. त्याला दुमडलेली कॉलर चालायची नाही.”

आम्ही ते पान तसेच धरून बसलो. इतकी वर्षे ज्या नजरेचा आम्हाला गुप्त अभिमान होता, ती नजर अर्धवट होती. आम्ही हात पाहिले, दोरी पाहिली, ऊन पाहिले. कॉलर पाहिली नाही. आपल्या कथेला पुरेसे मिळताच आम्ही पाहणे थांबवले होते. आईने थांबवले नव्हते.

तेव्हापासून आम्हाला असे वाटू लागले आहे की कथाकाराचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य ही दोन वेगळी खाती नव्हेत. बर्फाच्या कणाशिवाय पाहता येत नाही, हे ग्रीनचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. रडणाऱ्याला दिसत नाही हे खरेच. परंतु मेक्सिकोतील त्या धर्मगुरूला जन्म देताना ग्रीन कथेपुरते पाहून थांबला नव्हता, असे आम्हाला त्या पुस्तकावरून वाटते. ऐकलेल्या हकीकतीतला दारूडा हसण्याजोगा होता. लेखक त्याच्याबरोबर चालत राहिला, तेव्हा त्याला त्या माणसाची भीती दिसली, मुलगी दिसली आणि शेवटी मागे फिरणारी पावले दिसली.

त्या मेळाव्यातील मुलीला आमचे उरलेले उत्तर एवढेच: मुली, चांगला माणूस होईपर्यंत लिहायचे थांबू नकोस, नाहीतर आपल्यापैकी कोणालाच लेखणी हाती धरता येणार नाही. पण ज्यांच्या घरातून तू गोष्ट उचलशील, त्यांच्या दारी ती घेऊन परत जा. जमले तर छापण्यापूर्वी जा. आम्ही छापल्यानंतर गेलो.

ती कथा पुढे आमच्या छोट्या संग्रहात घ्यायची ठरली तेव्हा आम्ही आधी त्या घरी गेलो. तिने परवानगी दिली, आणि एक अटही घातली. संग्रहात आता सदरा चौकड्यांचा आहे.