पान उघडून भांडणारी माणसं

धर्मग्रंथ न वाचता त्याच्यावर ठाम बोलण्याची सोय आपल्याकडे दोन्ही बाजूंना आहे. गीतेत जगातलं सगळं ज्ञान आहे असं सांगणाऱ्याने बहुधा बारावा आणि पंधरावा अध्याय तेवढा पाठ केलेला असतो, तोही अर्थाकडे फारसं न पाहता. मनुस्मृती काय आहे ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे, असं म्हणणाऱ्याला तिचे अध्याय किती ते विचारावं. (बारा आहेत.) कुराण आणि बायबल यांची तर आणखीच तऱ्हा: मोबाइलवर आलेल्या दोन ओळींवरून अख्ख्या समाजाचा निवाडा होतो आणि त्या ओळींच्या मागेपुढे काय आहे हे पाहायची गरज कुणालाच वाटत नाही. वाचल्याने माणसाचं मत बदलेलच असं नाही. मात्र त्या मताला जाब विचारता येतो, आणि मला वाचन एवढ्यासाठीच आवश्यक वाटतं. याचा पुरावा रत्नागिरी जिल्ह्याशी नाळ असलेल्या तीन माणसांच्या कामात सापडतो, आणि त्या तिघांचं एकमेकांशी मुळीच जुळत नाही.

टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, 1856 चा. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं आणि सुटून आल्यावर 1915 साली ते छापलं. भाष्यं आणि टीका बाजूला ठेवून मूळ गीताच स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा वाचली, असं ते प्रस्तावनेत सांगतात. यावर कुणी म्हणेल की राजकारणातल्या कैद्याला गीतेत कर्मयोग सापडला यात नवल ते काय. प्रत्येकाला हवं तेच पुस्तकात दिसतं. आक्षेप खोटा नाही. कोऱ्या डोळ्यांनी कुणीच वाचत नाही, टिळकही नाहीत. पण त्यांनी निष्कर्षाबरोबर मोजमापही वाचकाच्या हाती दिलं. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या मीमांसकांच्या जुन्या कसोट्या घेतल्या: आरंभ काय, शेवट काय, मधे पुन्हा पुन्हा काय येतं. आरंभी अर्जुन लढायला नकार देतो, शेवटी उभा राहून लढतो. मग मधला उपदेश संन्यासाचा कसा, हा त्यांचा प्रश्न. हे ज्याला पटत नाही त्याने तीच पानं उघडून खोडून दाखवावं.

आणि तसं दाखवणारा निघालाही. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा असला तरी मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांचं गीतेवरचं लेखन त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. त्यात ते टिळकांना नाव घेऊन उत्तर देतात: गीतेतलं कर्म म्हणजे सर्वसाधारण कृती नव्हे, जैमिनीच्या पूर्वमीमांसेतलं यज्ञयागाचं कर्मकांड. यातलं कुणाचं बरोबर, हा इथे मुद्दा नाही. (माझं मन अर्ध्या वाटेवर टिळकांना सोडून जातं, पण ते असो.) टोकाची भूमिका असलेली दोन माणसं एकाच ओळीवर बोट ठेवून वाद घालतात, तेव्हा तिसऱ्याला निवाडा करता येतो. नुसत्या ‘थोर ग्रंथ’ आणि ‘थोतांड’ या दोन घोषणांमध्ये निवाडा कशाचा करणार?

मनुस्मृतीची गोष्ट याहून बोलकी आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ती जाळली गेली. दहनाचा ठराव त्यांचे सहकारी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. न वाचता केलेला राग, अशी त्या कृतीची संभावना पुष्कळांनी केली आणि अजूनही करतात. त्यांनी 1916 सालचा कोलंबिया विद्यापीठातला आंबेडकरांचा जातींवरचा निबंध पाहावा. त्यात पंचवीस वर्षांचा हा विद्यार्थी लिहितो की जात मनूने निर्माण केलेली नाही. ती त्याच्या आधीपासून होती, मनूने तिला नियमांत बसवलं आणि तिचं समर्थन केलं. म्हणजे ज्या ग्रंथाला अकरा वर्षांनी अग्नी द्यायचा, त्याच्या माथी न केलेला गुन्हा मारायलाही हा माणूस तयार नव्हता. हा काटेकोरपणा वाचनातूनच येतो, आणि त्याने राग सौम्य होत नाही.

इथे एक रास्त हरकत येते. ज्याला पाणवठ्यावरून हाकललं, त्याने आधी बारा अध्याय वाचावेत आणि मग तक्रार करावी, असं म्हणायचं का? अजिबात नाही. अन्यायाची साक्ष द्यायला पोथी लागत नाही. अंगावरचा वळ पुरे. रूढीबद्दल बोलायचा हक्क ती सोसणाऱ्याला आपोआप मिळतो. ग्रंथात काय लिहिलंय हे सांगायचं असेल, तर मात्र ग्रंथ उघडावा लागतो. ‘संस्कृत येत नाही तर बोलू नका’ या धमकीचा समाचार आंबेडकरांनी 1946 साली शूद्रांच्या मुळाविषयीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत घेतलाच आहे. संस्कृतवर प्रभुत्व नसल्याचं ते कबूल करतात आणि विचारतात की भाषांतरं उपलब्ध असताना, वर्षानुवर्षं अभ्यास केल्यावर, अडचण ती कोणती?

तिसरे महामहोपाध्याय पां. वा. काणे, याच जिल्ह्यातले, 1963 चे भारतरत्न. 1930 ते 1962 या काळात त्यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ पाच खंडांत इंग्रजीत निघाला. तो वाचून सनातनीही अडचणीत येतो आणि गौरववादीही. विधवांच्या केशवपनाला वेदांत आधार नाही, जुन्या सूत्रांत नाही, मनू-याज्ञवल्क्यांतही नाही, हे त्यांनी पानं दाखवून सांगितलं. त्याच हाताने वेदकाळातल्या गोमांसाचे उल्लेखही मांडले. कुणाला काय आवडेल याचा विचार करून त्यांनी पानं गाळली नाहीत.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती कोकणातच ठळक दिसते. इथला पुष्कळसा धर्म पुस्तकात नाहीच. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, देवाला कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. त्याची संहिता गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या तोंडी असते आणि गावागणिक बदलते. वेदात सापडत नाही म्हणून ही अंधश्रद्धा असं म्हणणारा, आणि हे सगळं मूळचं वैदिकच आहे असं सांगणारा, दोघेही न ऐकलेल्या गाऱ्हाण्याबद्दल बोलत असतात. ग्रंथाबाबत पान मागायचं, तसं यांच्याकडे फाल्गुनातल्या त्या गावाचं नाव मागायला हवं.