चिखलाचा हिशेब

तेलविहिरीवर नोकरी करतो असे सांगितले की लोक विचारीत, "म्हणजे तेल काढता?" मी चिखल कालवीत असे. त्याला 'ड्रिलिंग फ्लुइड' असे भारदस्त नाव आहे, पण रिगवर ते कोणी उच्चारीत नाही. तिथे तो नुसता 'मड'.

पाण्यात बेंटोनाइट नावाची फुगणारी माती आणि बराइट हे पाण्याच्या चौपटीहून जड खनिज मिसळायचे. हा चिखल पोकळ पाइपातून खाली जातो, बिटच्या छिद्रांतून सुटतो आणि पाइपाबाहेरच्या पोकळीतून दगडाचा चुरा घेऊन वर येतो. पंप थांबले की तो थिजतो आणि चुऱ्याला तळाशी बसू देत नाही. पंप सुरू झाले की पुन्हा पातळ. दह्याला हे जमत नाही, ते एकदा मोडले की मोडले.

पण त्याचे खरे काम वजनाचे. २,००० मीटर खोलीवर साध्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो भरतो, १.२५ घनतेच्या चिखलाचा २५०. खडकातला वायू ह्या ओझ्याखाली दबून राहतो. ओझे कमी पडले तर वायू विहिरीत शिरतो, फार झाले तर खडक तडकून चिखलच गिळतो. ह्या दोहोंमधली फट कधीकधी फारच अरुंद असते.

मी नवा असताना एका रात्री पाइप वर काढणे चालले होते. पाइप निघाला की त्याच्या लोखंडाएवढी जागा रिकामी होते, ती लगेच चिखलाने भरायची. तीन-तीन पाइपांचे पाच जोड निघाले की विहिरीने साधारण ५५० लिटर प्यायला हवेत. ती प्याली ४००. उरलेली जागा कोणीतरी भरली होती. घाईने ओढलेली बिट पिचकारीच्या दट्ट्यासारखी खालून शोषते. तसाच वायू आत आला असणार.

हे मला पाठ होते. तरीही कागदावर मी ५५० लिहिले. टाकीच्या मापात चूक असेल, जहाज हलते आहे, ड्रिलर पंचवीस वर्षांचा अनुभवी आहे, वरिष्ठांना सकाळपर्यंत पाइप बाहेर हवा आहे. अशी कारणे मला त्या अर्ध्या मिनिटात सुचली. पुढच्या पाच जोडांना विहीर ३५० प्याली. मग मात्र मी ड्रिलरकडे गेलो. त्याने एक शब्द न बोलता काम थांबवले, पाइप पुन्हा तळापर्यंत उतरवला आणि पंप लावले. तळचा चिखल वर आला तेव्हा तो फसफसत होता आणि तराजूत हलका भरत होता.

पुढे २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या माकोंडो विहिरीचा वृत्तान्त वाचताना ते अर्धे मिनिट मला आठवले. २० एप्रिलला तिथे सिमेंट टिकते का हे पाहण्यासाठी वरच्या भागातला जड चिखल काढून समुद्राचे पाणी भरले होते. दाब शून्यावर राहायला हवा होता. पाइपावर १,४०० पीएसआय दिसत होता. दुसऱ्या एका नळीतून मात्र काही वाहत नव्हते. जमलेल्या अनुभवी माणसांनी पहिल्या आकड्याचे स्पष्टीकरण शोधले, दुसऱ्यावर विश्वास ठेवला आणि चाचणी उत्तीर्ण ठरवली. मग आणखी चिखल काढला गेला. त्या रात्री स्फोटात ११ माणसे मेली. चौकशी अहवालांत पुष्कळ दोष नोंदले आहेत, सिमेंटचे, यंत्रांचे, निर्णयांचे. मी मात्र त्या आकड्यापाशीच अडतो. तो सर्वांनी पाहिला होता.

आमच्या विहिरीत चिखलाची घनता थोडी वाढवली आणि दुसऱ्या दुपारी काम पूर्ववत झाले. पहिल्या ओळीतला ५५० मी खोडून ४०० केला होता. नोंदवहीत खाडाखोड केल्याबद्दल मला समज मिळाली.